शेळ्यांच्या मागे आबा

हे मी लिहावं की नाही, याचा बरेच दिवस विचार करत होतो. आमच्या घरात लिहिणं म्हणजे सही करणं, आणि तीही आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, जेमतेम यायची. मी धाराशिवच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. सिनेमातलं मला काही कळत नाही. थिएटरात पहिलं पाऊल टाकलं तेही याच प्रकरणात. अशा मुलानं पडदे, प्रोजेक्टर आणि फोर के यांच्याविषयी लिहायला बसणं आगाऊपणाचं आहे, हे मला मान्य आहे. वाचणाऱ्यांनी मोठ्या मनानं घ्यावं. जाणकारांचं थोडंफार मी वाचलं. पडदा किती बारीक झाला, रंग किती खरे झाले, हे त्यात होतं. पण त्या पडद्यावर आपल्याच घरातलं माणूस असलं तर काय होतं, ते कुठं सापडलं नाही. म्हणून एवढं धाडस.

आमचं गाव भूम तालुक्यात, ईटपासून जवळ. थोडी कोरडवाहू जमीन आहे, पण घर चालायचं शेळ्यांवर. काळ्याभोर, लांब कानांच्या, आमच्या जिल्ह्याच्या जुन्या नावानंच ओळखल्या जाणाऱ्या शेळ्या. दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात आमच्या माळावर एक सिनेमावाली मंडळी आली. त्यांच्या गोष्टीत नायक दगडावर बसून बायकोशी बोलतो आणि मागून शेळ्यांचा कळप जातो, असा प्रसंग होता. त्यासाठी त्यांचा माणूस गावोगाव शेळ्या बघत फिरला आणि आमच्या पसंत पडल्या. आबा हे सगळ्यांना सांगायचे, “निवड शेळ्यांची झाली. म्या त्यांच्यासंगं फुकट गेलो.”

इथं आबांच्या दातांविषयी सांगायला हवं. तरुणपणी एका बोकडाच्या धडकेत त्यांचे पुढचे दात तुटले होते. तेव्हापासून हसू आलं की ते खांद्यावरचा टॉवेल तोंडाला लावायचे. फोटोत तर ओठ इतके घट्ट मिटायचे की राग आल्यासारखं दिसायचं. आधार कार्डावर तसंच, रेशन कार्डावर तसंच, लग्नातल्या एकुलत्या एक फोटोतही तसंच. आई म्हणायची, “फोटू बघितला की वाटतं, माझं लगीन फौजदारासंगं लागलंय.” यावर आबा हसायचे, टॉवेल लावून.

मी तेव्हा बारावीला होतो, धाराशिवला होस्टेलवर. त्यामुळं शूटिंगचं जे सांगतोय ते आईकडून ऐकलेलं. दिवसभर त्यांनी आबांना लिंबाच्या झाडापासून मोठ्या धोंड्यापर्यंत चालवलं, परत आणलं, परत चालवलं. दुपारनंतर शेळ्या कंटाळून बसल्या, तर आबांनी बाभळीच्या शेंगा खुळखुळवून त्यांना उठवलं. संध्याकाळी घरी येऊन पाय धुता धुता त्यांनी आईला सांगितलं, “आज म्या हसलो. तोंडावरचा टॉवेल काढायला लावला त्यांनी.”

आईला खरं वाटेना. “कशाला हसलाव?”

“पिक्चर लागल्यावर बघ की.”

नंतरही तिनं दोन-चारदा विचारलं. आबा तेच सांगायचे, थोडा दम धर, पडद्यावरच बघ. त्यांना त्यात मजा वाटत होती, असं आई म्हणते.

त्यानंतरच्या पावसाळ्यात आबा गेले. रानातच छातीत कळ आली. भूमला नेलं, तिथून धाराशिवला न्यायला सांगितलं. मी धाराशिवमध्येच असल्यानं दवाखान्याच्या दारात सगळ्यांच्या आधी पोचलो आणि जीपची वाट बघत उभा राहिलो. जीप आली. मागच्या सीटवर आई होती, आबांचं डोकं तिच्या मांडीवर. मला बघून ती म्हणाली, “आलो बघ आमी.” तिला अजून कळलेलं नव्हतं.

शेळ्या एकटीला सांभाळणं आईला होईना, तेव्हा बहुतेक विकल्या. सिनेमाचं तर कुणाच्या ध्यानातही राहिलं नव्हतं. तो पुण्या-मुंबईत कधी लागला आणि कधी उतरला, आमच्याकडं कळलंही नाही. मग पुढच्या हिवाळ्यात माझ्या चुलत भावाला तो मोबाईलवर सापडला. आम्ही सगळे ओट्यावर दाटीवाटीनं बसलो. प्रसंग जेमतेम काही क्षणांचा. नायकाच्या मागून मुंग्यांसारख्या शेळ्या गेल्या, आणि त्यांच्या मागं एक पांढरा ठिपका, म्हणजे आबांची टोपी.

“ह्यात कुठं हायती?” आईनं विचारलं.

भावानं बोट ठेवून दाखवलं. बोटाखाली आबा पूर्ण झाकले गेले.

आईनं तो प्रसंग परत परत लावायला सांगितला. शेवटी मोबाईल परत देताना म्हणाली, “हसलेत का न्हाय, तेच कळंना.” त्या दिवसापासून तिला एवढंच हवं होतं. हसणारे आबा एकदा बघायचे. सांगून ठेवलं होतं त्यांनी, पडद्यावर बघ म्हणून.

होस्टेलवर माझ्या खोलीतला मित्र म्हणाला की मोबाईलवर काय दिसणार, फोर के टीव्हीवर बघ, अंगरख्याची शिवण मोजता येते. त्यानं मला समजावून सांगितलं की चित्र म्हणजे ठिपके असतात, जितके जास्त ठिपके तितकं चित्र बारीक, आणि आताच्या टीव्हीत जुन्यापेक्षा कितीतरी पट ठिपके असतात. मला ते पटलं. पांढऱ्या टोपीच्या एका ठिपक्याचे शंभर ठिपके झाले तर त्यात डोळे, नाक, तोंड असणारच, असा माझा सरळ हिशोब होता. धाराशिवच्या बाजारात टीव्हीच्या दुकानात जाऊन मी विनंती केली. तिथला विक्रेता भला माणूस होता. म्हणाला, दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा घेऊन या आईला.

आई एसटीनं आली, ठेवणीतलं लुगडं नेसून. दुकानात भिंतभर टीव्ही होते आणि सगळ्यांवर मासे पोहत होते, फुलं उमलत होती. विक्रेत्यानं तिला स्टूल दिलं. “काकू, आता बघा, शेजारच्या खोलीत माणूस बसल्यागत दिसंल.”

शेळ्या आल्या आणि आई एकदम पुढं वाकली. “ही बांडी! हिच्या कानाची चीर बघ.” खरंच चीर दिसत होती. केसांत अडकलेलं गोखरू दिसत होतं. विकलेल्या शेळ्या एकेक करून ती ओळखत होती. मग आबा आले. टोपी होती, खांद्यावर टॉवेल होता, आणि मधे चेहऱ्यासारखं काहीतरी होतं. विक्रेत्यानं चित्र थांबवलं. आई उठून जवळ गेली. जितकी जवळ गेली तितकं ते काहीतरी आणखी विरघळत गेलं. तिनं हात पुढं केला.

“काकू, हात नका लावू,” विक्रेता हळूच म्हणाला, “डाग पडतो.”

आईनं हात मागं घेतला, पदराला पुसला आणि चुकलं म्हणाली. त्या माणसाला फार वाईट वाटलं असावं. तो घाईघाईनं सांगू लागला की दुकानातलं नेट हळू आहे, पूर्ण बारकाईनं चित्र येत नाही. सोलापूरला नवीन थिएटर झालंय, तिथं लेझरचा प्रोजेक्टर आहे, तिथल्या पडद्यावर काहीच लपत नाही. ते त्यानं आमचं मन राखायला सांगितलं की त्यालाही तसं वाटत होतं, मला माहीत नाही. मी मात्र ते धरून बसलो.

पुढं त्या सिनेमाला कसलंसं बक्षीस मिळालं आणि सोलापूरच्या त्याच थिएटरात एका रविवारी सकाळी त्याचा एकच खेळ ठेवला. मी वर्तमानपत्रात वाचलं. आई आदल्या दिवशीच धाराशिवला येऊन एका लांबच्या आत्याच्या घरी मुक्कामाला राहिली. सकाळी आम्ही सोलापूरची एसटी धरली. तुळजापूर गेल्यावर तिनं विचारलं, “पुढं बसायचं का मागं? पुढं बसलं तर जवळ पडंल.” मी सांगितलं की तिकिटावर जागा ठरलेली असते. तर म्हणाली, “मग सांगायचं की, आमचं माणूस हाय म्हणून.”

थिएटरात दिवे गेल्यावर तिनं माझं मनगट धरलं. पडदा इतका स्वच्छ होता की मला आधी भीतीच वाटली. नायकाच्या पापण्या वेगवेगळ्या दिसत होत्या, दाढीतली धूळ दिसत होती. आमचा माळ होता, आमचा लिंब होता. शेळ्या आल्या, म्हशीएवढ्या. आणि मागून आबा आले. ते घराएवढे होते. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं ते चालत गेले. मध्येच त्यांनी मान वळवली, खांदे हलल्यासारखे वाटले. पण चेहरा पावसाळ्यात धुरकटलेल्या काचेपलीकडं असतो तसाच होता. मोबाईलवर होता तेवढाच, फक्त मोठा.

सिनेमा संपून दिवे लागले तरी आई जागेवरच बसून राहिली. बाकीचे लोक उठून गेले. मग म्हणाली, “लई मोठे दिसले.” थोड्या वेळानं, “पण तोंड न्हाय गावलं.” आणि मग, “शेळ्या मातर लई सवच्छ.”

बाहेर पडताना मशीनच्या खोलीतून एक तरुण निघाला. मी धीर करून त्याला विचारलं, तुमच्या मशीनमध्ये काही कमी-जास्त झालं होतं का. तो हसला नाही. त्यानं मला अंगठा डोळ्यांसमोर धरून त्याकडं बघायला सांगितलं. मागची भिंत पुसट झाली. कॅमेऱ्याचंही असंच असतं, तो म्हणाला. त्यांनी फोकस नायकावर आणि पुढच्या शेळ्यांवर ठेवलाय, मागचं मुद्दाम धूसर केलंय, नायक उठून दिसावा म्हणून. जे धूसर घेतलं ते कितीही चांगल्या पडद्यावर धूसरच राहणार. उलट चांगला पडदा ते जास्त नीट धूसर दाखवतो.

आई ऐकत होती. तिनं त्याला विचारलं, “मग त्येंच्यावर धरायचा की. शेळ्या काय पळून चालल्या व्हत्या?”

जाता जाता तो एवढं म्हणाला की सिनेमावाले एकच गोष्ट पुष्कळ वेळा घेतात, सगळी सिनेमात येत नाही. त्यांना विचारून बघा.

परतीच्या एसटीत आईनं त्यावर विचार केला असणार. तामलवाडी मागं पडल्यावर ती म्हणाली, “टॉवेल काढायला लावला म्हणजे जवळून घेतलं आसंल. लांबून घ्यायचं तर टॉवेलाचं काय व्हतं?” मला हे सुचलं नव्हतं. मी पहिल्यांदाच मनापासून म्हणालो, “व्हय, तसंच असणार.” तिच्या चेहऱ्यावर त्या दिवसातली पहिली तरतरी मी तेव्हा बघितली. राहिलेली भाकरी तिनं तिथं बसून खाल्ली.

मी सिनेमावाल्यांना मेल केला. इंग्रजीत लिहिला, मग खोडला, मराठीत लिहिला. उत्तर आलं नाही म्हणून परत केला. उन्हाळा गेला, आबांचं वर्षश्राद्ध झालं, दिवाळी झाली. आई फोनवर आधी तेच विचारायची. परीक्षा, जेवण, तब्येत नंतर. “आला का रं त्यांचा फोन?” नाही म्हटलं की म्हणायची, “येईल. मोठी माणसं हायती, कामात आसतील.” सोनारीच्या काळभैरवालाही ती याच्यासाठी एकदा जाऊन आली. तिनं मला ते सांगितलं नव्हतं, शेजारणीकडून कळलं.

परवा फोन आला. आईला मी अजून काही सांगितलेलं नाही. शनिवारी गावी जाणार आहे, तेव्हा समोर बसून सांगेन.

कॉलेजच्या वाचनालयाबाहेर मी उभा होतो. बाईचा आवाज होता, शहरी, पण मऊ. त्या शूटिंगच्या वेळी ती दिग्दर्शकाच्या हाताखाली काम करत होती. माझा मेल इकडून तिकडं फिरत तिच्याकडं उशिरा पोचला, त्याबद्दल तिनं आधी वाईट वाटल्याचं सांगितलं. आबा गेल्याचं त्यातूनच तिला कळलं होतं. “शेळीवाले काका मला चांगले आठवतात,” ती म्हणाली. आईचं बरोबर होतं. त्यांनी आबांचं एकट्याचं चित्रण केलं होतं, अगदी जवळून. टॉवेल काढा म्हटल्यावर ते आधी लाजले, आणि मग जे हसले ते थांबेचनात. कॅमेऱ्यामागची माणसंही हसायला लागली. सिनेमा लांबला म्हणून तो तुकडा ठेवला नाही.

मी विचारलं, तो आम्हाला मिळेल का. सिनेमात नको, नुसता बघायला.

मग तिनं समजावून सांगितलं की आताचं चित्रण इतकं बारीक असतं की त्याला साठवायला अफाट जागा लागते. सिनेमा पूर्ण झाला की त्यात वापरलेलं तेवढं ठेवतात, बाकीच्या डिस्क पुसून पुढच्या सिनेमाला वापरतात. तिनं सगळीकडं विचारून खात्री केली होती. माझा पहिला मेल जाण्याच्या आधीच ते पुसलं गेलं होतं.

मी ऐकतोय ना, असं तिनं दोनदा विचारलं. मी हो म्हणालो.

“चित्र फार स्वच्छ आलं होतं,” ती म्हणाली. “डोळ्यांत पाणी आलेलंसुद्धा दिसत होतं, हसून हसून. पण ते आता कुठेच नाही.”