नव्या कालवडीचा चीक

आमच्या फार्मवर गाई मांसासाठी पाळतात, आणि त्या वेळेवर गाभण राहतात की नाही हे बघणं माझं काम. मी गुरांचा डॉक्टर. इथे आखातात, अल रीम आयलंडवरच्या फ्लॅटमधून रोज सकाळी अल ऐनच्या रस्त्याला लागतो.

त्या वर्षी उन्हाळ्याने कहर केला. गाई माजावरच येईनात, वळूंच्या वीर्याचा कसही उतरला. खुराक वाढवला, शेडमध्ये पाण्याचा फवारा उडवणारे फॉगर लावले, तरी बऱ्याच गाई भाकडच राहिल्या. म्हणून ऑक्टोबरात गाभण कालवडी विकत आणल्या. नवीन जनावर महिनाभर वेगळं ठेवायचं, रक्त तपासायचं आणि मगच कळपात सोडायचं, हा साधा नियम. पण वेगळी शेड भरलेली होती, आणि कालवडींबरोबर आलेली सर्टिफिकेटं स्वच्छ होती.

"पेपर्स ओके आहेत ना? सोडा कळपात," असं म्हणालो ते मीच.

जानेवारीत त्यांतली एक व्याली. वासरू दणकट, पोटभर प्यायलं, तरी चीक उरला. घरी खरवस होऊन किती वर्षं झाली होती! दोन बाटल्या भरून घेतल्या. बायकोने एकीचा खरवस कुकरमध्ये केला. दुसरी बाटली तिने खालच्या मजल्यावरच्या पुण्याच्या शेजारणीला दिली. तिला चौथा महिना होता, लग्नानंतर सहा वर्षांनी दिवस राहिले होते.

"डोहाळे पुरवतेय मी तिचे," बायको म्हणाली.

दोन आठवड्यांनी गुराख्याचा फोन आला. "डॉक्टरसाब, एक गाय ने बच्चा गिरा दिया." दोन दिवसांनी आणखी एक गाभडली, मग एकाच दिवशी दोन. सातव्या-आठव्या महिन्यातली मेलेली वासरं. गर्भाबरोबर पडणारी वार प्रत्येक गाईच्या आत अडकलेली. ती मी हाताने काढली, आणि हातमोजा मनगटापाशी फाटलाय हे मला नंतर दिसलं. सगळ्या कळपाचं रक्त लॅबला पाठवलं. काय येणार ते मनात कळलं होतंच.

ब्रुसेला. गाईंना गाभडवणारा जंतू. कच्च्या दुधातून आणि वारेतून तो माणसात येतो, आणि गरोदर बाईचं पोटातलं बाळही जाऊ शकतं. रिपोर्टमध्ये मी एकच टॅग नंबर शोधला. चीक देणारी कालवड पॉझिटिव्ह होती.

गाडी कडेला घेऊन बायकोला फोन लावला. "तिने तो चीक कसा शिजवला?"

"मला काय माहीत? का? काय झालं?"

मी थेट शेजारणीचंच दार वाजवलं. ती हसतच म्हणाली, "दादा, कसला मस्त झाला होता! मायक्रोवेव्हमध्येच केला. मधे जरा पातळ राहिला होता, पण धीर कुणाला? तसाच चमच्याने खाल्ला."

 मी तिथेच उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तिचा हात नकळत पोटावर गेला. मागून तिचा नवरा आला. "तुम्ही डॉक्टर आहात ना? तुम्हाला कळत नव्हतं?" आजच रक्त तपासून घ्या, एवढंच मी म्हणालो.

तिची पहिली टेस्ट निगेटिव्ह आली. पण हा रोग रक्तात दिसायला वेळ घेतो, काही आठवड्यांनी पुन्हा करा, असं हॉस्पिटलमध्ये सांगितलं. ते आठवडे आम्ही कसे काढले! खालच्या मजल्यावर लिफ्ट थांबली की मी दाराकडे पाठ करून उभा राहायचो. बायको रोज मेसेज करून तिचा ताप विचारायची. उत्तरात नुसता आकडा यायचा.

फार्मच्या म्हाताऱ्या अरब मालकासमोर जायचीही भीती होती. नोकरी गेली की व्हिसा गेला, मुलीची शाळा गेली. तरी गेलो आणि म्हणालो, "अरबाब, चूक माझी आहे. कालवडी मी सोडल्या."

त्यांनी मोडक्या हिंदीत विचारलं, "तेरे घर में किसी ने दूध पिया?"

"हां."

ते ऐकून त्यांनी मला समोर बसवलं. मग म्हणाले, "खलास, जो हुआ सो हुआ. गाय जाएगी तो जाएगी. पहले सरकारी डॉक्टर को बोलो." रोगी गाई कळपातून गेल्या, त्यांत ती कालवडही गेली. उरलेल्यांना लस टोचली. नोकरी राहिली.

मग मलाच संध्याकाळचा ताप येऊ लागला. कंबर मोडून यायची, घाम फुटायचा. दोन दिवस लपवलं. तिसऱ्या दिवशी मुलगी म्हणाली, "बाबा, युअर शर्ट इज सो वेट." मी पॉझिटिव्ह निघालो. बायको आणि मुलगी सुटल्या. मला सहा आठवडे गोळ्या होत्या.

शेजारणीची दुसरी टेस्टही निगेटिव्ह आली. बायको ऐकून रडली. मला रडू आलं नाही, बाळ सुखरूप हातात येईपर्यंत माझा विश्वासच बसणार नव्हता.

जूनमध्ये तिला मुलगी झाली. आम्हाला ते बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. बायको झबलं घेऊन गेली, मला बळेच बरोबर नेलं. शेजारणीने आत बोलावलं, चहाही ठेवला. बायकोने बाळासाठी हात पुढे केले तेव्हा ती हळूच म्हणाली, "ताई, हात धुतलेत ना?"

बायकोने बेसिनपाशी जाऊन साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, पुसले, आणि मग बाळ मांडीवर घेतलं. माझ्या गोळ्या कधीच संपल्या होत्या. तरी मी दाराजवळच उभा राहिलो, हात खिशात घालून.