'सहल' या शब्दाखालचं वाक्य

शब्दकोशाच्या कचेरीत मुद्रितं तपासणाऱ्या बाईंना सगळे काकू म्हणत. संपादक साहेब दरवर्षी अख्ख्या कचेरीला तळ्यावर सहलीला नेत आणि काकूंना फोनपाशी बसवत. "काकू, तुम्ही आहात म्हणून आम्ही निर्धास्त!" एकोणीस वर्षं काकूंनी हे गोड बोलणं गिळलं आणि मनात डूख धरून ठेवला.

यंदा सगळे तळ्यावर गेले, आणि नेमकी 'सहल' शब्दाचीच मुद्रितं आली. मूळ अरबी, अर्थ 'सोपं'. मराठीत मौजेखातर केलेला छोटा प्रवास. सगळं बरोबर होतं. फक्त उदाहरणाचं वाक्य राहिलं होतं, आणि ते घालायचं काम काकूंचंच. त्यांनी लाल पेनाने ठसठशीत लिहिलं: 'या कोशाचे संपादक दरवर्षी सहलीला जातात आणि एका बाईला मागे ठेवतात.'

संध्याकाळी उन्हाने रापून आलेल्या साहेबांनी न वाचताच सही ठोकली. "तुम्ही तपासलंय म्हणजे झालंच की!"

कोश छापून आला तेव्हा साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. "काकू, अहो, शंभर वर्षं लोक हे वाचणार!"

"वाचू देत की," काकू म्हणाल्या. "तुम्हीसुद्धा आज पहिल्यांदाच वाचलंत."