मौनात फिरवलेला कागद

आमच्या योगवर्गात एक नियम होता. मैदानाच्या फाटकातून आत पाऊल टाकलं की बोलणं बंद, ते थेट शेवटच्या ओंकारापर्यंत. सकाळी पावणेसहा ते सात. नमस्कारसुद्धा हात जोडून, ओठ न हलवता करायचा. फोन वाजला तर उठून बाहेर जायचं. शिंक आली तर शिंकायचं, पण पुढे "अगं बाई" म्हणायचं नाही.

मी त्या वर्गात गेले ती या नियमासाठी. "ही बोलत का नाही हो?" असं लहानपणी पाहुणे मी समोर बसलेली असताना आईला विचारायचे. शाळा इंग्रजी माध्यमाची. तिथे मराठीत बोललं की फळ्यावर नाव लागायचं, आणि घरी इंग्रजी शब्द तोंडातून गेला की चुलत भावंडं आठवडाभर नक्कल करायची. दोन्हीकडे गप्प बसणं सोयीचं पडलं. आता मी टॉवेल परदेशी पाठवणाऱ्या एका ऑफिसात ईमेल लिहिते. फोन वाजला की शेजारच्या मुलीकडे सरकवते. अशा माणसाला रोज सव्वा तास कुणी म्हणतं की गप्प बस, हेच बरोबर आहे, तर ते माणूस पहाटे उठून धावत जाणारच.

शहरातल्या सात रस्ता चौकापासून फार लांब नसलेल्या आमच्या कॉलनीचं ते मोकळं मैदान. कडेनं सहा कडुनिंब. वर्ग फुकट होता. शिकवणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणायचे, त्यांच्याहून वयानं मोठी माणसंही. त्या शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या होत्या, पण आवाज कधी चढवायच्या नाहीत. "आत घेतलेला श्वास झाडानं दिलेला असतो," त्या म्हणायच्या, "मग झाडाला आपण काय देतो?" एवढं विचारून त्या उत्तर द्यायच्या नाहीत. मौन आम्हाला होतं, त्यांना नव्हतं. सूचना द्यायला कुणीतरी बोलायला हवंच.

झाडाला आम्ही पाणी द्यायचो. आमच्याकडे उन्हाळ्यात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, त्यामुळे नवं पाणी कुणी आणायचं नाही. तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी बाटलीत भरून आणायचं. आसनं झाली की ज्यानं त्यानं आपापल्या झाडाच्या मुळाशी ते ओतायचं, खोडावर हात ठेवून एक मोठा श्वास घ्यायचा, आणि परत येऊन ओंकाराला बसायचं. शिवाय घरी पाळायच्या गोष्टी होत्या. अंघोळ एका बादलीत. जेवताना फोन नाही. रागानं उत्तर देण्याआधी तीन श्वास. मी हे सगळं मन लावून केलं. खोटं कशाला बोलू, त्याचा उपयोग झाला. मला झोप लागायला लागली. ऑफिसात एकदा मी स्वतः फोन उचलला. आई म्हणाली, "हल्ली तू भांडी आपटत नाहीस."

माझ्या शेजारी बसणारे आजोबा मूळचे माळशिरसकडचे. शेती धाकट्या भावाकडे देऊन इथं मुलाकडे राहायला आलेले. मांडी घालता यायची नाही म्हणून दुमडलेल्या पोत्यावर बसायचे. ते संध्याकाळीही येऊन झाडांना पाणी घालायचे. फाटकाबाहेर पडलो की सव्वा तास साठलेलं सगळं एकदम बोलायचे. "ताई म्हनत्यात मन रिकामं करा. आमचं रिकामंच हाय की. सुनंला इचारा." यावर सगळ्यात मोठ्यानं हसायच्या त्या अक्का. त्यांचं चटणीचं दुकान होतं आणि घरात कन्नड चालायचं. "अय्यो आजोबा, तुमचं रिकामं असतं तर आम्हाला एवढं ऐकावं लागलं नसतं!" मी नुसती ऐकत उभी राहायचे. त्यांनी मला कधी "तू पण बोल की" म्हटलं नाही.

हजेरीची वही फिरवायचं काम ताईंनी मला दिलं होतं. शवासन झालं की लोक अर्धवट मिटल्या डोळ्यांनी बसलेले असायचे, आणि मी सतरंजी-सतरंजीवरून वही नेऊन समोर धरायचे. "तुझ्या पावलांचा आवाज होत नाही," ताई म्हणाल्या होत्या. हे वाक्य मी बरेच दिवस मनात जपलं.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला त्यांनी मला फाटकाशी थांबवलं. मैदानाला भिंत हवी, एक नळ हवा, आणि 'ही झाडं योगवर्ग सांभाळतो' अशी पाटी हवी. त्यासाठी अर्ज लिहून देशील का? "इंग्रजीत लिही. सरकारी ऑफिसात जरा वजन पडतं." दोन संध्याकाळी बसून मी तो लिहिला. झाडांबद्दल एक अख्खा परिच्छेद घातला. ताईंनी तो उभ्या उभ्या वाचला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. "किती मनापासून लिहिलंस गं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी वहीबरोबर एक कोरा फुलस्केप दिला. वर फक्त 'योगवर्गाचे सदस्य' एवढंच, खाली आकडे टाकलेल्या ओळी. "अर्जाला जोडायचाय. नेहमीसारखा फिरव."

मी नेहमीसारखा फिरवला. लोकांनी नेहमीसारख्या सह्या केल्या. अक्कांनी भुवया उंचावून काय म्हणून विचारलं. मी हवेत बोटानं आडवी रेघ काढून भिंत दाखवली, मूठ फिरवून नळ दाखवला. त्या हसल्या आणि कन्नडमध्ये सही केली. आजोबांनी कागदाकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं, पेन घेतलं, आणि एकेक अक्षर दाबून आपलं नाव काढलं.

काही आठवड्यांनी एका सकाळी मी बाटली घेऊन माझ्या झाडाशी गेले, तर खोडावर जिथे हात ठेवायचा तिथे कागद चिकटवलेला होता. मराठी मी सावकाश वाचते, आणि सरकारी मराठी आणखी सावकाश. दोनदा वाचला. योगवर्गाच्या सदस्यांच्या मागणीवरून मैदानात बंदिस्त हॉल आणि फरशी करण्यासाठी सहाही झाडं काढायची आहेत. कुणाची हरकत असल्यास मुदतीत कळवावी. पलीकडच्या पाचही झाडांवर तोच कागद होता. प्रत्येक झाडासमोर चारपाच माणसं मान पुढे करून वाचत होती. ओंकार व्हायचा होता. कुणी बोललं नाही.

मग कुणीतरी बाटली उपडी केली. मग दुसऱ्यानं. आम्ही तीसेक माणसांनी त्या कागदाखाली, मुळांशी, रोजचं पाणी घातलं आणि परत जाऊन रांगेत बसलो. मी पण घातलं. मी पण जाऊन बसले. ताईंनी ओंकार म्हटला, आम्ही म्हटला. त्या दिवशीचं इतर काही मला एवढं लागत नाही, जेवढं हे लागतं.

ओंकार संपल्याबरोबर गलका झाला. ताईंनी हात वर केला. "आधी सगळ्यांनी एक श्वास घ्या." लोकांनी घेतला. मग त्यांनी सांगितलं. हॉल झाला की ऊन-पावसाची काळजी नाही. बायकांना रस्त्यावरून कुणी बघणार नाही. सकाळ-संध्याकाळ बॅचेस होतील, बाहेरगावचे शिक्षक येतील. सहा झाडांच्या बदल्यात साठ रोपं लावू. "कुठं?" कुणीतरी विचारलं. "बघू की," ताई म्हणाल्या. मागून दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या.

अक्का उठून उभ्या राहिल्या. "ताई, कागद फिरवला तेव्हाच हे सांगायचं नाही का?"

"तेव्हा मौन होतं ना, अक्का."

ताई हसल्या नाहीत, ओशाळल्या नाहीत. किती वाजले ते सांगावं तसं सांगितलं. "एकेकाला सांगत बसले असते तर तीस तोंडं, तीस मतं. मौनात सगळ्यांचं मन एक होतं. त्या एका मनानं सह्या झाल्यात."

मी पुढे गेले. "ताई, माझा अर्ज?"

"आहे गं, जपून ठेवलाय. पण त्यांना त्यांचा मराठी फॉर्मच लागतो." मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "चिडलीयस तू. चेहरा बघ कसा झालाय. तीन श्वास घे, मग बोल."

आणि मी घेतले. गळ्याशी आलेलं वाक्य तसंच ठेवून, डोळे मिटून, पाच मोजत आत, पाच मोजत बाहेर. तिसरा संपला तेव्हा ताई दुसऱ्या कुणाशी तरी पंख्यांबद्दल बोलत होत्या.

फाटकाबाहेर आजोबा पोतं काखेत धरून थांबले होते. "ताईच्या हातातनं कागद आला असता तर इचारलं असतं म्या," ते म्हणाले. "तुज्या हातातनं आला म्हून केली सही." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काहीतरी म्हणता आलं असतं.

हरकतीचा अर्ज मी मराठीत लिहिला, हातानं, चार वेळा खोडून. मग घराघरांत गेले. अनोळखी दाराची बेल दाबण्याआधी मी पहिलं वाक्य दोनदा मनात म्हणून घ्यायचे. अर्ज वाचून लोक चहा विचारायचे आणि सही टाळायचे. "एकदा केलेली सही परत कशी घ्यायची? बरं दिसत नाही." "हॉल झाला तर बरंच की, आपल्याकडचं ऊन बघतेस ना?" तीन घरांत मात्र एकच वाक्य ऐकलं, "अगं, कागद तर तूच आणला होतास." मी अर्जाची घडी घालून पुढच्या घराकडे निघायचे. शेवटी कागदावर आम्ही तिघं उरलो: अक्का, आजोबा आणि मी.

सुनावणीच्या दिवशी झाडांच्या परवानगीच्या ऑफिसात ताई आधीच येऊन बसल्या होत्या. मला बघून त्यांनी बाकावर सरकून जागा करून दिली. मी उभी राहिले. साहेबांनी फाइल उलटून तो फुलस्केप माझ्यापुढे धरला. सगळ्या सह्या आपापल्या ओळीत होत्या.

"ही सही तुमची?"

"हो."

"मग आता हरकत कसली?"

मी बोलले. इतकं सलग मी कुठल्याही परक्या माणसासमोर बोललेले नव्हते. फाटकातून आत गेलं की बोलायचं नसतं, वही फिरते तसे कागद फिरतात, मीच फिरवते, मला भिंत आणि नळ सांगितलं होतं, तेच मी खुणेनं सांगितलं. साहेबांनी सगळं ऐकलं. "म्हणजे एवढी शिकली-सवरलेली माणसं तुम्ही, आणि कुणीच विचारलं नाही?"

"विचारायचं नसतं तिथे."

टेबलापलीकडचा क्लार्क हसला. माझ्याबरोबर आलेले आजोबा काठी टेकत पुढे आले. "साहेब, देवळात परसाद हातावर ठेवत्यात, तवा आत काय काय घातलंय इचारता का तुमी?"

साहेबही हसले. पण आधी कागदाकडे, मग ताईंकडे बघून म्हणाले, "पुरावा मागतात हो, आजोबा. आणि पुरावा यांच्याकडेच आहे." डोळे मिटून, दोन्ही तळहात मांडीवर उताणे ठेवून, ताई बसल्या होत्या. तशा बसलेल्या मी त्यांना शेकडो वेळा पाहिलं होतं, आणि प्रत्येक वेळी मला वाटलं होतं की आपल्यालाही असं जमावं.

चार झाडांची परवानगी मिळाली. दोन राहिली, पण ती आमच्या हरकतीमुळे नाही. नकाशातला हॉल तिथपर्यंत पोचत नव्हता.

मी वर्ग सोडला. घरी गच्चीवर सतरंजी टाकते. श्वास अजून लागू पडतो, हे कबूल करायला मला आवडत नाही. ताईंनी शिकवलेलं सगळं खोटं निघालं असतं तर सोपं गेलं असतं. मग मी ते एकगठ्ठा टाकून दिलं असतं. पण पाच मोजत श्वास आत घेते, तेव्हा मोजणारा आवाज त्यांचाच असतो, आणि त्या आवाजानं माझे खांदे आजही सैल होतात. एक बादली पाण्यात अंघोळही सुटलेली नाही. तीन श्वासांचा नियम मात्र मी पाळत नाही. राग आला की बोलून टाकते. वाईट बोलते, अडखळते, आई दचकते. तरी बोलते.

झाडं पाडली त्या सकाळी ऑफिसला जायच्या आधी मी मैदानावर गेले. मशीनचा आवाज कॉलनीभर होता. तीन झाडं आडवी झाली होती आणि चौथ्याला दोर बांधत होते. कडुनिंबाचा कडवट ओला वास इतका होता की घशात चव लागत होती. आजोबा फाटकाशी उभे होते. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. मशीन मध्येच थांबलं, तेव्हा मी म्हणाले, "आजोबा, माझं चुकलं."

मला वाटलं होतं, ते जाऊ दे म्हणतील. वडीलधारी माणसं म्हणतात तसं.

"व्हय," ते म्हणाले. "चुकलं."

मग मशीन पुन्हा सुरू झालं, आणि ते पुढे काही म्हणाले असतील तर मला ऐकू आलं नाही. पण ते तिथून गेले नाहीत. चौथं झाड पडेपर्यंत आम्ही दोघं तिथेच उभे होतो. मला ऑफिसला उशीर झाला.