लोखंडाची चिंधी

विनोदच्या पिकअपने काय वाहिलं नाही ते विचारा. निमोण्याचा कांदा वाहिला, शिरूरच्या बाजारातल्या शेळ्या वाहिल्या, कंपनीत कामाला आलेल्या बिहारी पोरांचे पंखे आणि गाद्या या खोलीतून त्या खोलीत नेल्या, नवरीची कपाटं पोहोचवली. एकदा तर नवऱ्यावर रुसून माहेरी निघालेल्या एका बाईला तिच्या म्हशीसकट दौंडला नेऊन सोडलं. म्हैस वाटभर गप्प होती, बाई नव्हती.

न्हावरे फाट्यावर गिताबाईंची चहाची टपरी आहे. तिथे गाडी उभी राहिली की गिताबाई हातातलं गाळणं न सोडता विचारणार, "आज कुणाचं भाडं, विनूभाऊ?" विनोद कुणाचं तरी नाव सांगणार आणि चहा पुढ्यात येणार. ड्रायव्हर माणसाची ख्यालीखुशाली विचारायची ही तिकडची रीत. विनोदला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही. तसा तो नावाचाच विनोद. हसायला त्याला जरा वेळच लागतो, पण माणूस सरळ. कुणाचा माल उन्हात ठेवणार नाही की कुणाला खोटी वेळ सांगणार नाही.

गावात नवं विहार बांधून झालं तेव्हाची गोष्ट. बुद्धाची संगमरवरी मूर्ती राजस्थानातून रेल्वेने दौंडला येणार होती आणि बुद्धपौर्णिमेला ती विहारात बसवायची होती. दौंडहून ती आणायची कुणी, यावर विहाराच्या ओट्यावर बैठक बसली. कमिटीचा अध्यक्ष संघर्ष, रांजणगावच्या कंपनीत सुपरवायझर असलेला तरुण. तो म्हणाला की हौसरावांनी आपला नवा टेम्पो देऊ केलाय. हौसराव गावातले मोठे बागायतदार, आणि टेम्पो त्यांनी मनापासून देऊ केला होता. सगळ्यांनी माना डोलावल्या. तेवढ्यात कोपऱ्यातून विनोद बोलला.

"मूर्ती माझ्या गाडीतून यिल."

सगळे वळून बघायला लागले. बैठकीत विनोद बोलला म्हणजे आक्रीतच.

"साऱ्या मुलखाचं सामान वाहिलं या गाडीनं," तो म्हणाला, "पर आपलं म्हणून काय आणलंच न्हाई कवा. येकदा तरी आणू द्या."

मग संघर्ष हळूच म्हणाला, "दादा, तुमच्या भावनंचा मान हाय. पर तुमच्या चाकांकडं बघितलंय का तुमी? डिस्का गंजून गेल्यात, एक तर नटापाशी चिरलीया. मूर्ती संगमरवरी हाय. चाकं बदला, मग बघू."

आणि इथून विनोदच्या डोक्याला चाक लागलं.

त्याच्या गाडीचं मॉडेल कंपनीने केव्हाच बंद केलेलं. नव्या डिस्का, म्हणजे टायरच्या आतली लोखंडी चाकं, मिळेनात. जुन्या मिळाल्या त्या याच्या डिस्कांच्या थोरल्या बहिणी शोभतील अशा गंजलेल्या. शेवटी शिरूरला एका स्पेअर पार्टवाल्याकडे स्टेपनीसकट पुरा संच सापडला, पण दुसऱ्या कंपनीच्या पिकअपचा. त्या गाडीच्या मालकाने हौसेने चकचकीत अलॉय चाकं बसवली होती आणि या काढून विकल्या होत्या. वजन पेलायला तितक्याच दणकट, रंग चांदीसारखा. गॅरेजवाल्याने नटांची पाच भोकं मोजली, भोकाभोकांतलं अंतर मोजलं, डिस्क चढवली, नट आवळले आणि हात झटकून म्हणाला, "बसलं की!"

विनोद खूश झाला. "पाचाला पाच जुळले," तो घरी येऊन आईला म्हणाला. "लोक लगीन जुळवाया छत्तीस गुण बघत्यात. आपल्याला पाचात भागलं."

त्याची आई बानूबाई. ऐकायला कमी येतं असं ती सांगते, पण नको ते सगळं तिला ऐकू येतं. ती एवढंच म्हणाली, "नांदंल तवा खरं."

आणि चाकं नांदेनात. गाडी हळू होती तोवर ठीक, पण न्हावऱ्याच्या सरळ रस्त्यावर जरा पाय दाबला की स्टिअरिंग थरथरायला लागायचं. मग दारं, मग काच, मग शेजारी बसलेला संघर्ष. "दादा," तो दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरून म्हणाला, "ही तर लेझीम खेळाया लागली!" गावभर तेच झालं. विनोदची गाडी दिसली की पोरं हातांनी लेझीम वाजवून दाखवायची. त्याने बॅलन्सिंग करून घेतलं, अलाइनमेंट करून घेतली. दुकानातल्या पोरांनी डिस्कांना इतकी शिशाची वजनं चिकटवली की चाकांना दागिने घातल्यागत दिसायला लागलं. थरथर जशीच्या तशी.

शेवटी संघर्ष घरी आला. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलला आणि उठताना म्हणाला, "दादा, मी हौसरावकाकांना हो म्हणून ठिवतो. राग मानू नका."

"राग कशाचा," विनोद म्हणाला. त्याला राग आला नव्हताच. त्याला फार वाईट वाटलं होतं. माणसाने आयुष्यात एक गोष्ट मागावी आणि तीही आपल्याच गाडीमुळे जावी, याचं दुःख कुणाला सांगायचं? रात्री त्याने भाकरी अर्धीच खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने अंगणात गाडीला जॅक लावला आणि पुढचं चाक काढलं. काय बघायचं ते त्यालाही ठाऊक नव्हतं. बानूबाई पडवीत जात्यावर हरभरे भरडत बसली होती. विनोदने चाक परत चढवलं, नुसतंच, नट न लावता, आणि कपाळाचा घाम पुसत उभा राहिला.

जात्याची घरघर थांबली. म्हातारी उठून जवळ आली आणि कमरेवर हात ठेवून वाकून बघायला लागली. चाक ज्या लोखंडी चकतीवर बसतं त्या हबच्या मधोमध एक गोल उंचवटा असतो. डिस्कचं मधलं भोक त्यावर चपखल बसायचं असतं.

"आरं, ह्यो खिळा बारीक आन् भोक मोठं," ती म्हणाली. "मग डुगडुगणारच की."

"आये, हे काय जातं हाय व्हय?"

"गोल फिरतंय न्हवं? मग जातंच." ती आत गेली आणि जुन्या लुगड्याची एक लांब चिंधी घेऊन आली. "जात्याचा खिळा सैल झाला की मी काय करती? ही गुंडाळ त्याला आन् मग बशीव."

विनोद हसला. कितीतरी दिवसांनी हसला. चिंधी गुंडाळून पिकअप चालवायची! मग हसता हसता तो थांबला. त्याने खाली वाकून उंचवटा आणि भोक यांच्या मध्ये बोटाचं नख घालून पाहिलं. खालच्या बाजूला नख सहज आत शिरलं. नट पाचाला पाच जुळले होते, पण मधलं भोक कुणी बघितलंच नव्हतं, ना गॅरेजवाल्याने ना त्याने. चाक नटांना लटकत होतं, हबवर बसत नव्हतं.

त्याच पावली तो आईला घेऊन दौंडला निघाला. सारी वाट लेझीम खेळत, बैलगाडीच्या चालीने. दौंडला स्टेशनमागे म्हाळूमामांचं लोखंड कातायच्या लेथचं दुकान. मामांनी चाक उतरवून हब मोजला, भोक मोजलं आणि म्हणाले, "हर कंपनीचं भोक निराळं असतंय. मधी लोखंडी रिंग घालावी लागंल. आन् नट बी बदल. आटे तुझ्या गाडीचे, पर नटाचं निमुळतं तोंड ह्या डिस्कंला बसंल असं पायजे. किती चाकं?"

"चार."

"आन् स्टेपनी?" मागून बानूबाई कडाडली. "ती काय सावतर हाय?"

मामा खो खो हसले. पाच रिंगा करायला घेतल्या. लेथवर लोखंडाचे चकचकीत वळसे निघत होते आणि म्हातारी स्टुलावर बसून ते टक लावून बघत होती. रोग कसा काय सापडला, असं मामांनी विचारलं तेव्हा विनोदने खिशातून लुगड्याची चिंधी काढून दाखवली. मामांनी ती हातात घेऊन बघितली, मग तयार रिंग बानूबाईच्या हातावर ठेवली. "घ्या आजी. ही तुमची लोखंडाची चिंधी."

नव्या नटांनी चाकं आवळून झाली आणि परतीच्या वाटेवर विनोदने पाय दाबला. स्टिअरिंग गप्प. आणखी दाबला. तरी गप्प. त्याचा विश्वास बसेना, म्हणून गावात आल्यावर संघर्षला बसवून परत न्हावऱ्याच्या सरळ रस्त्यावर नेलं. संघर्ष डॅशबोर्डला हात टेकून तयारीत बसला होता. जरा वेळाने त्याने एक हात काढला, मग दुसरा काढला आणि खिशातून फोन काढला.

"काका, टेम्पो नको," तो हौसरावांना म्हणाला. "इनूदादाच्या गाडीचं जमलं."

"आरं मग लईच झ्याक!" पलीकडून हौसरावांचा आवाज गाडीभर ऐकू आला. "मी टेम्पो म्होरं चालवतो. रस्ता तरी मोकळा करतो."

पौर्णिमेच्या सकाळी दौंडला मूर्ती गाडीत चढली. खाली गाद्या, चहूबाजूंनी गवताचे भारे, वर पांढरं कापड. मागे मूर्तीला धरून संघर्ष आणि कमिटीची माणसं बसली, पुढे हौसरावांचा टेम्पो. पांढरं लुगडं नेसलेली बानूबाई विनोदच्या शेजारी बसली. वाटभर बुद्धवंदना म्हणायची असं तिने ठरवलं होतं. तिने सुरुवातही केली. चौफुला यायच्या आत आवाज बारीक झाला आणि थांबला. विनोदने बघितलं तर म्हातारी गाढ झोपली होती. या गाडीत ती आजवर कधी झोपली नव्हती. काच तिच्या डोक्याला झोपू देत नसे. आज डोकं काचेला टेकलेलं होतं आणि काच स्वस्थ होती.

न्हावरे फाट्यावर गाडी सवयीने थांबली. गिताबाई चहाचा ग्लास घेऊन खिडकीशी आल्या आणि सवयीनेच म्हणाल्या, "आज कुणाचं भाडं, विनूभाऊ?"

विनोदने इंजिन बंद केलं.

"भाडं न्हाई, गिताबाई," तो म्हणाला. "आज घरचं हाय."

गिताबाईंनी मागे पांढऱ्या कापडाकडे बघितलं. ग्लास विनोदच्या हातात दिला, पायातल्या चपला बाजूला सारल्या आणि हात जोडले. शेजारून डोळे न उघडताच बानूबाई म्हणाली, "आन् सांग तिला, डुगडुगत बी न्हाई."