फ्लॉपीचा दिवा आन् हातोडी

अक्कांनो, आज घरात जे झालं ते लिहायलेय.

ब्लाऊजवर भरतकाम करायची माझी मशीन जुनी हाय. नक्षी कॉम्प्युटरवरून फ्लॉपीत भरून तिला द्यावी लागते. कॉम्प्युटरातला फ्लॉपीचा ड्राइव्ह मेला, म्हणून आज बीदरहून जुनाच दुसरा आणून मीच बसवला. तर त्याचा दिवा पेटला तो विझंना, फ्लॉपी वाचंना.

पैसे पाण्यात गेले म्हणून चिडून नवरा हातोडी घेऊन आला. "फोडतो आन् भंगारात घालतो."

"हात लावू नका. माझं पोट हाय ह्याच्यावर."

पयला घाव कॉम्प्युटरच्या डब्यावर बसला, पत्रा आत गेला. मी मधी आडवी आले तर हातोडी माझ्यावरच उगारली. हातातला पेचकस मी त्याच्या गळ्याला लावला. "मार. मग बघ."

हातोडी खाली ठेवली त्यानं.

मग मी डबा खोलला. चपट्या वायरीची लाल किनार भलत्या अंगाला गेलती. मीच उलटी लावलती. फिरवून लावली, दिवा विझला, फ्लॉपी चालली.

आता तो भायेर बसून इचारायलाय, "चहा न्हाई का?"

पेचकस अजून माझ्या हातातच हाय. तुमी चहा टाकला असता का?