दुसऱ्या मजल्याचं वळण

"काकू, कुठे अडकलात?"

जिन्यातूनच विचारत यायची ती. दार नुसतं लोटलेलं असायचं. चप्पल काढायच्या आधी तिचे डोळे माझ्या मांडीवरच्या लॅपटॉपकडे. मी कशी आहे, गुडघा काय म्हणतोय, ते सगळं नंतर.

आमच्या फरीदाबादच्या घराच्या गच्चीवर एक खोली आहे. तिथे ती चार वर्षं भाड्याने राहिली. चाळिशीला आलेली, एकटी, केस कायम पेन्सिलीने वर खोचलेले. नोकरी सोडून एकटीच कॉम्प्युटरवरचा गेम बनवत होती. तुम्हीही पाहिली असतील अशी माणसं, एकाच गोष्टीच्या मागे लागली की भाजीत मीठ आहे की नाही हेही ज्यांना कळत नाही. हिला खरंच कळायचं नाही. एकदा मी मीठ घालायला विसरले होते, तर हिने वाटी पुसून खाल्ली.

पहिल्यांदा खाली आली ती एक शब्द विचारायला. घरचं मराठी बोलायची, पण लहानपण दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये गेलेलं, त्यामुळे अडलं की हिंदी. "काकू, जामनला आपल्यात काय म्हणतात?" विरजण, म्हटलं. "बिल्कुल. आई हेच म्हणायची." एवढं बोलून दारातच उभी राहिली. मी म्हटलं, ये की आत. हे गेल्यापासून माझ्या घरात आवाज करणारा एक कुकरच उरला होता.

गेम म्हणजे मला वाटायचं, धडाधड गोळ्या. हिच्या गेममध्ये क्वार्टर्समधली एक मुलगी होती. वडिलांची बदली झालेली, संध्याकाळी ट्रक येणार. त्याआधी शेजाऱ्यांची राहिलेली भांडी घरोघर परत करायची. प्रत्येक दारात कोणीतरी बोलतं, आणि उत्तर काय द्यायचं ते आपण निवडायचं. आपण जशी उत्तरं देऊ तशी ती मुलगी घडत जाते, कोणाची रागीट, कोणाची लाजरी. शेवटी तिसऱ्या मजल्यावर तिचं स्वतःचं घर. तिथे आई बांधलेल्या सामानावर बसलेली असते, आणि आपण दिवसभर जसे वागलो तसं आपल्याशी बोलते.

हिच्या घरी खरोखर असा ट्रक आला होता, तेव्हा ही आईवर रुसून, एक शब्द न बोलता ट्रकमध्ये जाऊन बसली होती. आई काहीतरी सांगत होती, ते ऐकायचं राहिलं. आता आईही नव्हती. "कोणीतरी तिथपर्यंत जाऊन तिचं ऐकावं, काकू," म्हणायची. "बस, इतकंच."

कधीही गेम न खेळलेलं माणूस हवं म्हणून तिने मला धरलं. आपला जुना लॅपटॉप माझ्याकडेच ठेवला. पहिल्याच दिवशी मी तासभर अडकले. तळमजल्यावरच्या बाईंची वाटी परत करायची होती, एक बटण दाबलं की झालं. मी मात्र मुलीला अंगणभर फिरवत बसले. ती खाली आली तेव्हा म्हटलं, अगं, वाटीत घालायला काहीतरी शोधतेय. रिकामी कशी देऊ?

ती तशीच उलट पावली वर गेली. मग आठवडाभर वर बसून तिने गेममध्ये साखरेचा डबा केला. वाटीत साखर घातली की तळमजल्यावरची बाई जरा जास्त बोलायची.

जिन्याचं मात्र तसं झालं नाही. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मुलगी कोपऱ्यात शिरायची आणि भिंतीकडे तोंड करून तिथल्या तिथेच चालत राहायची. मग मी वर फोन करायचा, ही खाली येणार, दोन-तीन बटणं दाबून तिला सोडवणार. आली की चहा व्हायचा. चहा झाला की सरोजिनी नगरच्या बाजारातले तिचे कपडे आणि माझ्या वेळचे कपडे, असं काहीबाही निघायचं, आणि दिवस कलायचा.

तिने मला दोनदा विचारलं होतं. "जिना नीट करायला तीन महिने जातील. करू, की गोष्टीवरच काम करू? खरं सांगा." मी म्हटलं, इतकी छान गोष्ट आहे, जिन्याचं काय घेऊन बसलीस? ज्याला ऐकायचंय तो अडखळत का होईना, जाईल वर. तेव्हा मला ते पटलंही होतं. पण जिना नीट झाला की हिचं खाली येणं कमी होणार, हेही मला ठाऊक होतं. ते मी बोलले नाही.

गेम बाहेर पडला. लोकांनी छान लिहिलं, साखरेच्या डब्याबद्दलसुद्धा लिहिलं. आणि बहुतेकांनी शेवटी लिहिलं, जिन्यात वैतागून सोडून दिला. कोण कुठपर्यंत गेलं ते तिला दिसायचं. एका दुपारी माझ्या पलंगावर बसून तिने मला दाखवलं. एकूण एक माणूस दुसऱ्या मजल्यापर्यंत येऊन परत गेलेला.

"आईपर्यंत कोणीच गेलं नाही, काकू."

मी अडकले तर ही वरून धावत यायची. त्या परक्या लोकांसाठी कोण येणार होतं? त्यांना वर नेणारा तो जिनाच होता. हे मला तेव्हा कळलं. आपणच नको म्हटलं होतं, आणि का म्हटलं होतं, ते तिला सांगायला मी तोंड उघडलं. मग चहा टाकायला उठले.

पुढच्या हिवाळ्यात तिला बंगळुरूला नोकरी लागली. सामान ट्रकमध्ये चढलं तेव्हा ती खाली आली, माझी वाटी परत करायला. वाटीत साखर होती, काठोकाठ. म्हणाली, "चलो काकू, अडकलात तर फोन करा."

गेल्या महिन्यात तिने नीट केलेला जिना पाठवला. नोकरी सांभाळून, सुट्टीच्या दिवशी बसून केलेला. मी खेळले. मुलगी सरसर वर गेली, दार उघडलं, आई बोलली. काय बोलली ते मी इथे सांगत नाही. आता कोणालाही जाता येतं तिथे, आणि लोक जातायत, असं तिने कळवलंय.

मी अजून दुपारी लॅपटॉप घेऊन बसते. दार लोटलेलंच असतं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मुलीला मुद्दाम कोपऱ्यात नेते. ती भिंतीला जरा खांदा घासते, वळते, आणि वर निघून जाते.