नानांचा रुमाल आणि सरकारचा फॉर्म

मंडळी, पोलिसांना आपले खासगी मेसेज उघडून वाचता यावेत, असा कायदा येऊ घातलाय. त्यावर लोकांच्या हरकती मागवल्यात. आज घोडेगावच्या बैलबाजारात बसून मी मोबाईलवर तोच फॉर्म भरला. तुम्ही भरलात का?

शेजारी माझे चुलते, नाना, सौदा करत होते. रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव सांगायचा, बघणाऱ्याला कळत नाही.

सौदा झाल्यावर त्यांना कायदा समजावला. आमचा चोरीला गेलेला बैल पोलिसांनीच शोधून दिला होता. म्हटलं, नाना त्यांचीच बाजू घेणार.

पण नाना म्हणाले, "ज्याचा संशय हाय त्याचा रुमाल उचला की. समद्या बाजाराचा कशापायी?"

तेच वाक्य नानांचं नाव घालून फॉर्ममध्ये लिहिलं. खाली प्रश्न होता, नाव जाहीर करायचं का? मी नानांना विचारलं.

"कर की," रुमाल खांद्यावर टाकत नाना म्हणाले, "मला काय लपवायचंय?"